करारात नसलेला हप्ता

२०२२ च्या जुलैमध्ये एका रात्री दहाच्या सुमारास माझ्या भाच्याचा फोन आला. "मामा, लीजवर घेतलेली गाडी मधेच परत करता येते का?" याच मुलाने चार महिन्यांपूर्वी गाडीचे पेढे आणून दिले होते, मामीला पुढच्या सीटवर बसवून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत फिरवून आणलं होतं. काय बिघडलं विचारलं, तर म्हणाला, "गाडीत काही बिघाड नाही. हप्ताही जातोय व्यवस्थित. पेट्रोल झेपत नाही."

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवण्यात आयुष्य घालवलं आहे. इंजिनात गेलेल्या इंधनाचं पुढे काय होतं, हे फळ्यावर शेकडो वेळा मांडलं आहे. गाडी ठरवताना भाच्याने मला रंग विचारला, एअरबॅग किती असाव्यात ते विचारलं, ऑटोमॅटिक घेऊ का विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली. पण महिन्याला किती किलोमीटर चालवणार आणि कुठल्या रस्त्यावर, हे मात्र त्याला विचारलं नाही. त्याची रुखरुख आजही आहे, म्हणूनच त्यानंतर आम्ही दोघांनी मांडलेला हिशेब इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी लीज म्हणजे काय ते पाहू. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच कंपन्यांत पगाराचा एक भाग गाडीच्या भाड्यापोटी वळवता येतो. गाडी लीज कंपनीच्या मालकीची असते, भाडं नोकरी देणारी कंपनी भरते, आणि ते तुमच्या ढोबळ पगारातून, म्हणजे प्राप्तिकर लागण्याआधीच, वजा होतं. बदल्यात गाडीची सोय हा पगाराचाच एक लाभ धरून त्यावर थोडा कर लावतात. तेव्हा लागू असलेल्या १९६२ च्या आयकर नियमांनुसार १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीसाठी, इंधन आणि देखभालीचा खर्च कंपनी करत असेल तर, या लाभाची किंमत महिन्याला फक्त १,८०० रुपये धरली जाई. त्याहून मोठ्या इंजिनाला २,४००. तीस टक्क्यांच्या टप्प्यात कर भरणाऱ्याला हा सौदा चांगलाच फायद्याचा होता, आणि त्यात गैर काहीच नव्हतं. भाड्यात विमा आला, सर्व्हिसिंग आलं, टायर आले. ३६ महिन्यांचा आकडा एकदा ठरला की हलत नाही. सगळं बांधलेलं, फक्त इंधन मोकळं.

भाच्याची पहिली गफलत इथे झाली. पगाराच्या स्लिपवर 'इंधन भरपाई' अशी दरमहा दहा हजारांची ओळ होती. त्याला वाटलं, पेट्रोल कंपनी देते. वास्तविक ते दहा हजार त्याच्याच वार्षिक पगारातून बाजूला काढलेले होते. पंपाची बिलं दिली की तेवढ्या रकमेवरचा कर वाचतो, एवढाच लाभ. पेट्रोलचे पैसे त्याच्याच खिशातले, आणि दहा हजारांच्या वरचे तर कर भरून उरलेल्या पगारातले. वाक्यात 'भरपाई' हा शब्द आला की दुसरं कुणीतरी पैसे देतंय असं माणसाला वाटतं. मनुष्यबळ विभागांनी तो शब्द बदलला तर पुष्कळांचं भलं होईल, असं मला मनापासून वाटतं.

"भाव वाढले म्हणून बसला हा फटका," असं त्याचं म्हणणं. त्याच्या म्हणण्याला आधार होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क कमी केलं, तेव्हापासून साडेचार महिने मुंबईत पेट्रोल लिटरमागे १०९ रुपये ९८ पैशांवर थिजून होतं. रोज भाव बदलण्याची पद्धत जून २०१७ पासून असूनही पंपावरचा आकडा हलत नव्हता. भाच्याने करार केला तो याच शांत काळात, फेब्रुवारीत. गाडी मार्चमध्ये आली आणि २२ मार्चपासून भाव चढू लागले. ६ एप्रिलपर्यंत, म्हणजे सोळा दिवसांत, मुंबईत लिटरचा भाव १२० रुपये ५१ पैसे झाला. पुण्यातही थोड्याफार फरकाने तेच. मे महिन्यात केंद्राने लिटरमागे आठ रुपये शुल्क उतरवलं, जुलैत राज्याने पाच रुपये कर कमी केला, तेव्हा कुठे भाव १०६ वर आला. फोन आला त्या दिवशी भाव करार केला तेव्हापेक्षा कमी होता! तरीही बिल फुगलेलंच होतं. म्हणजे दुखणं दुसरीकडे होतं.

मी त्याला कागद घ्यायला लावला. गाडी दीड लिटरची टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक. माहितीपत्रकावर मायलेज लिटरला साडेअठरा किलोमीटर. महिन्याचं चालणं दीड हजार किलोमीटर. त्या हिशेबाने महिन्याला ८१ लिटर, म्हणजे १०६ च्या भावाने साधारण ८,६०० रुपये. त्याने असंच गणित करून दहा हजारांची मर्यादा निवडली होती. मग आम्ही टाकी काठोकाठ भरली, ट्रिप मीटर शून्यावर आणला आणि चार दिवसांनी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरली. तीन वेळा असं केलं. आकडा आला साडेदहा. दीड हजार किलोमीटरला १४३ लिटर, म्हणजे १५,१०० रुपयांच्या पुढे. महिन्याला साडेसहा हजारांचा फरक, छत्तीस महिन्यांत सव्वादोन लाखांहून जास्त.

आता भावाचा वाटा वेगळा काढू. गाडीने खरोखर साडेअठरा दिले असते आणि पेट्रोल १२० वरच राहिलं असतं, तरी बोजा वाढला असता तो महिन्याला जेमतेम अकराशे रुपयांनी. भाववाढ डोळ्यांत भरते, कारण ती वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येते. गाडीची तहान कुठेच छापून येत नाही. साडेसहा हजार मात्र त्या तहानेचे होते.

साडेअठराचा आकडा खोटा होता का? नव्हता. तो कुठून येतो ते पुणेकरांना तर माहीत असायला हवं, कारण तो आपल्या वेताळ टेकडीवर तयार होतो. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही तिथली १९६६ पासूनची संस्था. तिचं नाव पुष्कळ माहितीपत्रकांच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं. चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करतात, चाकं जागच्या जागी फिरतात आणि चालक समोरच्या पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग वाढवतो-कमी करतो. एकूण ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना थोडी कमी. पहिल्या भागात शहरासारखं थांबत-चालत जाणं चार वेळा तसंच्या तसं, नंतर थोडा मोकळा रस्ता. वेगाची कमाल मर्यादा ताशी ९० किलोमीटर. एसी बंद. धुराड्यातून निघालेला वायू पिशव्यांत गोळा करून त्यातला कार्बन मोजतात आणि त्यावरून इंधन किती जळलं ते काढतात. मोजमाप अतिशय काटेकोर असतं.

प्रश्न आहे तो मोजलेल्या प्रवासाचा. हे चक्र ज्या जुन्या युरोपीय चक्रावरून बेतलं आहे, त्यात शून्यापासून पन्नासच्या वेगाला पोचायला २६ सेकंद दिलेले आहेत. चांदणी चौकातून बाह्यवळणावर चढताना एखाद्याने २६ सेकंद लावले तर मागचे हॉर्न वाजवून हैराण करतील. युरोपने ते चक्र २०१७ पासून नव्या गाड्यांसाठी मोडीत काढायला घेतलं आणि ताशी १३१ किलोमीटरपर्यंत जाणारी अर्ध्या तासाची चाचणी आणली. अमेरिकेने २००८ च्या गाड्यांपासून आपल्या आकड्यांत वेगवान चालवणं, एसी आणि थंडी यांचा हिशेब मिळवला, तेव्हा तिथल्या पुष्कळ गाड्यांचे छापील आकडे एका रात्रीत खाली आले. गाड्या त्याच होत्या, फक्त आकडा खऱ्या रस्त्याच्या जवळ आला. आपल्या आकड्याचा खरा उपयोग दोन गाड्या शेजारी ठेवून तुलना करण्यापुरता. महिन्याच्या खर्चासाठी तो वापरला की घात होतो.

मग भाच्याच्या ऑफिसच्या, म्हणजे हिंजवडीच्या रस्त्यावर गाडी कुठे पिते? याचं उत्तर मला शिकवायला फार आवडायचं. चालकासह तेराशे किलोची गाडी ताशी चाळीसच्या वेगाने चालली आहे असं धरा. तिच्या अंगात त्या क्षणी सुमारे ८० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक दाबला की ती सगळी ब्रेकच्या चकत्या तापवण्यात संपते, परत काही मिळत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२,००० किलोज्यूल ऊर्जा असते, पण शहरी चालवण्यात तिचा जेमतेम पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. उरलेली रेडिएटर आणि धुराड्यातून उष्णता होऊन जाते. म्हणजे कामाला आले ६,४०० किलोज्यूल. भागिले ८०. शून्यावरून चाळीसवर जाणं आणि परत थांबणं असं ऐंशी वेळा केलं की एक लिटर संपलं, आणि यात रस्त्याचं घर्षण, हवेचा रेटा धरलेलाच नाही. वाकडच्या पुलापासून भूमकर चौक, तिथून हिंजवडीचा शिवाजी चौक आणि पुढे फेज तीन. या टापूत संध्याकाळी सहा वाजता किती वेळा थांबायला लागतं ते भाच्याने एक दिवस मोजलं. साठपर्यंत मोजून त्याने सोडून दिलं.

त्यात उभ्या गाडीचं पिणं वेगळं. एसी चालू ठेवून इंजिन नुसतं धडधडत ठेवलं तरी अशा गाडीला तासाला पाऊण ते एक लिटर लागतं, आणि त्या तासाचे किलोमीटर शून्य. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोय त्या गाडीत होती. चाचणीत तिचा फायदा पुरेपूर मिळतो, कारण तिथे एसी बंद असतो. मे महिन्याच्या पुण्यात गाडी आतून तापली की ती सोय स्वतःच माघार घेते आणि इंजिन पुन्हा सुरू करते. टर्बोचंही तसंच आहे. लहान इंजिन संथ चालवलं तर खरोखर कमी पितं. पण पाय दाबून पळवलं की टर्बो जास्त हवा कोंबतो, त्या हवेला जोडीचं पेट्रोल लागतं, आणि फार जोर काढला तर भट्टी थंड राखायला वरचं आणखी पेट्रोल सोडलं जातं. विक्रेत्याने सांगितलेलं लहान इंजिनाचं मायलेज आणि मोठ्या इंजिनाची ताकद या दोन्ही गोष्टी खऱ्याच असतात, फक्त एकाच वेळी मिळत नाहीत.

आणखी एक कारण होतं, ते आम्हाला सगळ्यात शेवटी सापडलं. भाच्याने गाडी चालवून पाहिली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये. हिंजवडीची ऑफिसं तेव्हा बरीचशी घरूनच चालत होती. रस्ते मोकळे, कोथरूडहून वाकड पंधरा-वीस मिनिटांत. गाडीच्या पडद्यावर सोळाचा आकडा दिसला होता. गाडी घेतली तीही शनिवार-रविवार साताऱ्याला आई-वडिलांकडे जायला. मे-जूनपासून ऑफिसने परत बोलावलं आणि रोजचे जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटर मागे लागले. गाडी निवडली एका आयुष्यासाठी, करार तीन वर्षांचा, आणि आयुष्य तीन महिन्यांत बदललं.

पुढच्या वर्षी पेट्रोलही बदललं. फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर झालं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाच्या लिटरमध्येही शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. मायलेजवर प्रत्यक्ष परिणाम गाडीगणिक कमी-जास्त होतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दहा टक्के मिश्रणासाठी बनवून वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांना एक ते दोन टक्के, आणि जुन्या चारचाकींना सहा-सात टक्के घट धरली होती. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाने इथेनॉलला नावं ठेवावीत असं मी म्हणणार नाही. ते परदेशी तेलाला पर्याय आहे आणि आमच्या सातारा-कोल्हापूरच्या कारखान्यांना त्याचा आधार आहे. पण लिटरमागची ऊर्जा घटते तर ते पंपावरच्या फलकावर स्वच्छ लिहावं, ही अपेक्षा रास्त आहे.

मायलेज मोजण्याची आपली रीतही मनाला फसवते. लिटरला किती किलोमीटर, या भाषेत १८ चे २२ झाले तर चारने सुधारणा आणि १० चे १२ झाले तर फक्त दोनने. हजार किलोमीटरवर मोजून बघा. पहिल्यात वाचतात दहा लिटर, दुसऱ्यात जवळजवळ सतरा. ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हा भ्रम दाखवून दिला. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, ते जास्त प्रामाणिक आहे. भाच्याची गाडी कागदावर शंभराला ५.४ लिटर पिणारी आणि रस्त्यावर साडेनऊ. असं लिहिलं की लगेच कळतं.

त्याच २००८ सालची अमेरिकेतली हकिगत मी भाच्याला सांगितली, कारण लीजचा आणि इंधनाचा संबंध तिथे अगदी उघडा पडला होता. भाडं कसं ठरतं? आजची किंमत उणे कराराच्या शेवटी गाडीला बाजारात येईल असं धरलेली किंमत. त्या फरकाचे हप्ते आणि वर व्याज. शेवटची किंमत जितकी जास्त धराल तितकं भाडं कमी दिसतं. अमेरिकेत स्वस्त पेट्रोलच्या काळात अजस्र एसयूव्ही अशाच हलक्या भाड्यांवर दिल्या गेल्या. जुलै २००८ मध्ये तिथलं पेट्रोल गॅलनला ४ डॉलर ११ सेंटवर गेलं आणि त्या गाड्यांना बाजारात कुणी विचारेना. ज्यांचा करार संपला त्यांनी किल्ल्या काउंटरवर ठेवल्या आणि निघून गेले. घसरलेल्या किमतीचा खड्डा लीज देणाऱ्यांनी भरला. फोर्डच्या कर्ज कंपनीला त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीतच २.१ अब्ज डॉलर मूल्य खाली उतरवावं लागलं. क्रायस्लरच्या वित्त कंपनीने १ ऑगस्टपासून अमेरिकेत लीज देणंच बंद केलं. पण ज्यांचा करार अर्ध्यावर होता ते हप्ता भरत राहिले आणि टाकीही भरत राहिले. घसरलेल्या किमतीची जोखीम लीज कंपनीची, इंधनाची मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत चालवणाऱ्याची.

"मग माझं काय?" भाच्याने विचारलं.

आम्ही करार काढला. मुदतीआधी गाडी परत केली तर उरलेल्या भाड्याचा मोठा भाग आणि बाजारभावातली तूट भरायची होती. आकडा चार लाखांच्या पुढे जात होता. उरलेल्या बत्तीस महिन्यांच्या जादा पेट्रोलचा खर्च दोन लाख दहा हजार. करार मोडणं सोसण्याच्या दुप्पट महाग होतं. सीएनजी बसवायचं म्हटलं तर गाडी दुसऱ्याच्या मालकीची, नोंदणी पुस्तकात बदल करायला त्यांची संमती हवी, आणि ती मिळाली नाही. लिटरमागे काही रुपये जास्त घेणारं वरच्या ऑक्टेनचं पेट्रोलही त्याने महिनाभर घालून पाहिलं. साध्या पेट्रोलसाठी जुळवलेल्या इंजिनाला त्याने काहीच फरक पडला नाही, आणि पडायचं कारणही नव्हतं.

उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. टायरची हवा दर पंधरवड्याला गाडी थंड असताना तपासणं, आणि घरातून सकाळी सातला निघून दुपारी चारला परत फिरणं. त्याच्या साहेबांनी परवानगी दिली. साडेदहाचे बारा झाले. ऐकायला दीडच किलोमीटर, पण महिन्याला अठरा लिटर वाचले, म्हणजे एकोणीसशे रुपये.

दुसऱ्या वर्षी त्याचं लग्न झालं आणि दोघांनी कोथरूड सोडून वाकडला भाड्याने घर घेतलं. ऑफिस आठ किलोमीटरवर आलं. साताऱ्याला एसटीने जायला लागले, कारण बसमध्ये सुनबाईला वाचता येतं. गाडीचं चालणं दीड हजारावरून पाचशेवर आलं. इतक्या लहान फेऱ्यांत इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं, त्यामुळे मायलेज आणखी घसरून साडेनऊ झालं. तरीही महिन्याचं बिल साडेपाच हजारांत बसू लागलं, पहिल्या बिलाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यात.

मार्च २०२५ मध्ये करार संपला. धरलेली शेवटची किंमत भरून गाडी स्वतःकडे ठेवायची की परत करायची, हे विचारायला त्याचा पुन्हा फोन आला. मी काही बोलायच्या आधी त्यानेच सांगितलं, "मामा, किलोमीटर मांडून ठेवलेत. तू फक्त तपास." मी तपासले. गाडी त्याने ठेवून घेतली.